छोट्या फिट्स: ओळख, नोंद आणि रोजचे धोके, कोणत्या क्रमाने काय करायचं

फिट म्हटलं की खाली पडलेला माणूस, ताठरलेलं अंग, तोंडाला फेस एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे बोलता बोलता दहा सेकंद गप्प झालेलं मूल, सकाळी हातातला कप अचानक उडालेली कॉलेजातली मुलगी, शर्टाची बटणं चाचपत ओठ चाटत बसलेले आजोबा यांच्याकडे बघून अपस्माराची शंका कुणालाच येत नाही. शंका आली तरी पुढची कामं उलट्या क्रमाने होतात. आधी गोळी सुरू होते, फिट कुठल्या प्रकारची हे नंतर शोधलं जातं, आणि गरम पाणी, रस्ता, गच्ची यांचा विचार काहीतरी घडल्यावर होतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत आम्ही हेच केलं. दोन वर्षं तिला ‘तंद्रीत असते’, ‘धांदरट आहे’ म्हणत राहिलो. तिच्या डाव्या मनगटावर भाजल्याचा जो डाग आहे, तो ज्या फिटने दिला ती जेमतेम पंधरा सेकंदांची होती. ती शेगडीसमोर आली, एवढंच. म्हणून हा लेख मी क्रमाने लिहितो आहे. टप्पे गाळू नका, आणि तिसरा टप्पा तर निदान होईपर्यंत लांबवूच नका.

सावधान: पुढीलपैकी काही आत्ता घडत असेल तर लेख बाजूला ठेवून ॲम्ब्युलन्स बोलवा. फिट पाच मिनिटांहून जास्त चालू आहे. एक संपून पूर्ण भान येण्याआधी दुसरी सुरू झाली. फिट पाण्यात आली. श्वास नीट चालत नाही. डोक्याला मार लागला. फिट येणारी स्त्री गरोदर आहे. किंवा त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं आहे आणि तो अजून गोंधळलेला आहे. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर तो पक्षाघातही असू शकतो. तिथे वाट बघायची नाही.

## टप्पा १: जे दिसतंय ते नेमकं काय, ते ओळखा

‘छोटी फिट’ हा एक आजार नाही. त्या नावाखाली निदान चार-पाच वेगवेगळे प्रकार येतात, त्यांची औषधं वेगळी आणि धोकेही वेगळे. म्हणून आधी प्रकार.

ॲब्सेन्स, म्हणजे भान हरपण्याची फिट. ही बहुतेक वेळा ४ ते १० वर्षांच्या वयात सुरू होते. मूल चालू कामात, कधी अर्ध्या शब्दावर थांबतं. नजर स्थिर, पापण्या किंचित फडफडतात, चेहरा कोरा. साधारण ५ ते १५ सेकंदांत सगळं संपतं आणि मूल जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू होतं. पडत नाही, नंतर झोप येत नाही. दिवसातून असं दहा-वीस वेळा, कधी त्याहून पुष्कळ जास्त वेळा होऊ शकतं. मुलाला स्वतःला काहीच कळत नाही. त्याच्या दृष्टीने बाईंच्या वाक्यातले मधले शब्द फक्त गायब झालेले असतात.

भान शाबूत असलेली फोकल फिट. मेंदूच्या एका भागापुरती. पोटातून वर काहीतरी चढत आल्यासारखं वाटतं, हे आधी घडून गेलंय असा ठाम भास होतो, कारण नसताना भीती दाटून येते, कुणालाच येत नसलेला जळका वास येतो, किंवा एका हाताचा अंगठा आपोआप उडत राहतो. बघणाऱ्याला यातलं बरंच काही दिसत नाही. पुष्कळ रुग्ण म्हणतात, ‘मला फिट यायच्या आधी कळतं.’ ते जे कळणं आहे, ते स्वतःच फिट आहे. ती पुढे पसरली तर भान जातं, आणखी पसरली तर पूर्ण अंगाचे झटके येतात. म्हणून ‘नुसतं तसं वाटलं, फिट आली नाही’ असं डॉक्टरांना सांगू नका.

भान हरपणारी फोकल फिट. मोठ्या माणसांत सर्वांत जास्त चुकवली जाणारी ही. माणूस उभा असतो, डोळे उघडे असतात, कधी ‘हो, हो’ असंही म्हणतो, पण तो तिथे नसतो. ओठ चाटणं, घास चावल्यासारखं तोंड हलवणं, कपडे चाचपणं, वस्तू उचलून ठेवणं, उठून चालू लागणं. साधारण अर्धा ते दोन मिनिटं. ॲब्सेन्सपेक्षा मोठा फरक नंतर दिसतो: काही मिनिटं गोंधळ, थकवा, शब्द न सापडणं. साठीनंतर पहिल्यांदा येणाऱ्या फिट्स अनेकदा याच प्रकारच्या असतात आणि घरचे ‘विसरभोळेपणा वाढलाय’ म्हणून सोडून देतात.

मायोक्लोनिक झटके. विजेचा धक्का बसल्यासारखा क्षणभराचा झटका, बहुधा खांद्यांना आणि हातांना. पौगंडावस्थेत सुरू होणाऱ्या एका प्रकारात हे झटके सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात येतात, जागरणानंतर तर हमखास. टूथब्रश उडतो, कप सांडतो. झोप लागता लागता अंग दचकतं ते मात्र निरोगी माणसालाही होतं. उठल्यानंतरचा झटका वेगळा.

ॲटॉनिक फिट. अंगातला जोर एकदम जातो, मान पडते किंवा माणूस कोसळतो. वेळ एक-दोन सेकंद, पण चेहरा आणि डोकं आपटतं. वेळेच्या हिशेबाने छोटी असली तरी इजेच्या हिशेबाने ही सगळ्यांत वाईट.

जुन्या फाइलीत ‘पेटी माल’, ‘सिंपल पार्शियल’, ‘कॉम्प्लेक्स पार्शियल’ असे शब्द असतील तर ते अनुक्रमे पहिला, दुसरा आणि तिसरा प्रकार समजा. ‘पेटी माल’ हे नाव आधीच मागे पडलं होतं, बाकीची दोन नावं इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संस्थेने २०१७ साली बदलली. आजार तेच आहेत.

तपासा: तंद्री की फिट? तंद्री कंटाळ्याच्या वेळी लागते आणि खांद्याला हात लावला की मोडते. फिट खेळाच्या, बोलण्याच्या ऐन मध्यात येते आणि स्पर्शानेही थांबत नाही. म्हणून आधी नाव घ्या, मग खांद्याला हलकेच हात लावा, मग ‘निळा घोडा’ असे दोन शब्द स्पष्ट म्हणा. पूर्ववत झाल्यावर विचारा, ‘मी आत्ता काय म्हणालो?’ शब्द आठवले नाहीत तर त्या क्षणी भान नव्हतं याचा तो चांगला पुरावा आहे. दिवसात एखाद्या वेळी करा. मुलाची सतत परीक्षा घेऊ नका.

फिटसारखी दिसणारी इतर दुखणीही असतात. घाबरण्याचा झटका काही मिनिटांत चढतो आणि बराच वेळ टिकतो. भीतीची फिट अचानक येते आणि बहुधा दोन मिनिटांत जाते. अर्धशिशीतल्या नागमोडी रेषा पाच ते वीस मिनिटांत हळूहळू पसरतात. फिटमधले रंगीत ठिपके काही सेकंदांत येतात. चक्कर येऊन पडणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी अंधारी येते आणि आडवं होताच तो लवकर सावरतो. मधुमेही माणसात साखर उतरली असेल तर ती आधी तपासा. फिटची सगळ्यांत मोठी खूण म्हणजे तोच तोचपणा: दर वेळी तोच क्रम, तीच हालचाल, साधारण तेवढाच वेळ.

## टप्पा २: फिट चालू असताना

इथे करायचं थोडं आणि टाळायचं जास्त आहे.

घड्याळ बघा. हे पहिलं काम, कारण भीतीत वीस सेकंद दोन मिनिटांसारखे वाटतात आणि डॉक्टरांना सांगितलेली वेळ नेहमी फुगलेली निघते. मग आसपासचा धोका दूर करा: हातातली सुरी, समोरचा विस्तव, जिन्याचा कठडा. माणूस चालत असेल तर त्याच्या शेजारून चाला आणि शांत आवाजात, हलक्या हाताने सुरक्षित बाजूला वळवा. भान परत आल्यावर त्याला साध्या शब्दांत सांगा की काय झालं, किती वेळ झालं, तो आता कुठे आहे.

सावधान: दंड पकडून जखडू नका, खाली दाबून बसवू नका. भान हरपलेला माणूस धरल्यावर जोराने झटकतो, ढकलतो. ते मुद्दाम केलेलं नसतं, पण दोघांनाही लागतं. तोंडात काहीही घालू नका: चमचा, बोट, पाणी, गोळी, काहीही नाही. नाकाशी हुंगायला काही धरू नका. पाणी आणि जेवण पूर्ण भान आल्यावरच द्या. ‘पूर्ण’ हे नाव, दिवस आणि जागा विचारून ठरवा. डोळे उघडे असणं पुरेसं नाही.

छोटी फिट मोठीत बदलली, म्हणजे अंग ताठ होऊन झटके सुरू झाले, तर खाली आडवं करा, डोक्याखाली मऊ घडी ठेवा, गळ्याभोवतीचं सैल करा आणि झटके थांबताच कुशीवर वळवा. पाच मिनिटांचा नियम घड्याळ पहिल्यांदा बघितलंत तिथपासून मोजा. ज्यांना डॉक्टरांनी नाकात फवारायचं किंवा गालात सोडायचं तातडीचं औषध लिहून दिलंय, त्यांच्यासाठी ते किती मिनिटांनी द्यायचं हे कागदावर लिहून औषधाच्या डब्यालाच चिकटवा. त्या क्षणी काहीही आठवत नाही.

आणखी एक परिस्थिती सहज निसटते. माणूस बेशुद्ध नाही, झटकेही नाहीत, पण अर्धा तास गोंधळलेला, हळू, विचारलेल्याला तुटक उत्तरं देणारा असा आहे. फिट आत चालूच असू शकते. ‘झोप झाली नसेल’ म्हणून झोपवून ठेवू नका; रुग्णालयात न्या.

## टप्पा ३: धोक्याच्या जागा त्याच दिवशी बदला

लोक इथे थांबतात. ‘आधी ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) होऊ दे, मग बघू.’ तपासणीची तारीख मिळेपर्यंत आठवडे जातात आणि आंघोळ तर रोज करायची असते. शंका खोटी ठरली तर दाराची कडी पुन्हा लावता येईल, तेवढाच तोटा.

पाणी सगळ्यांत आधी. अपस्मार असलेल्यांत बुडून मरण्याचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा १५ ते १९ पट असल्याचं आढळलं आहे. यात टब आणि उथळ पाणीही आलं. भान दहा सेकंद गेलं आणि तोंड पाण्याखाली असलं की फिट छोटी होती याला काही अर्थ उरत नाही. टबात एकट्याने बसणं बंद. शॉवर बरा, स्टुलावर बसून त्याहून बरा. आधी गार पाणी सोडा, मग गरम मिसळा. संपताना आधी गरम बंद करा. आतून कडी लावायची नाही, दारावर ‘आत आहे’ अशी पाटी अडकवायची. घरात कुणीतरी असताना आंघोळ करायची आणि आवाज देत राहायचं. पोहायचं असेल तर शेजारी असा माणूस हवा ज्याला फिटबद्दल माहीत आहे आणि जो तुम्हाला उचलून बाहेर काढू शकतो. काठावर बसलेला मित्र पुरत नाही. नदी, तळं आणि समुद्र मात्र डॉक्टरांनी मोकळीक देईपर्यंत नाही.

विस्तव आणि उकळतं पाणी. भान हरपलेल्या माणसाला चटका बसला तरी हात मागे घेतला जात नाही. म्हणून पंधरा सेकंदांतही खोल भाजतं. बहिणीच्या प्रसंगानंतर आम्ही स्वयंपाकघरात जे बदललं ते असं: मागची शेगडी वापरायची, भांड्यांचे दांडे आतल्या बाजूला वळवायचे, उकळतं भांडं उचलून न्यायचं नाही तर ताट शेगडीपाशी आणून तिथेच वाढायचं, तळण दुसऱ्याने करायचं. मायक्रोवेव्ह किंवा आपोआप बंद होणारी विजेची शेगडी असेल तर ती पहिली. कपडे सैल किंवा लोंबत्या बाह्यांचे नकोत. इस्त्रीसुद्धा कुणी घरात असताना. यातलं काहीही अवघड नव्हतं, आणि तिचं स्वयंपाक करणं थांबलं नाही, याचा मला आजही आनंद वाटतो. ‘तू आता शेगडीजवळ जाऊच नकोस’ म्हणणं सोपं असतं, पण त्याने माणूस घरातल्या घरात परका होतो.

वाहन. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दहा सेकंदांची ॲब्सेन्स म्हणजे स्टिअरिंगवर कुणी नसताना सुमारे १६७ मीटर. भान जाणारी एकही फिट आल्याची शंका असेल, तर त्या दिवसापासून चाकाला हात नाही. दुचाकीही यात आली. परवान्याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि फिटमुक्त किती काळ हवा हेही वेगळं, म्हणून पुन्हा कधी चालवायचं ते डॉक्टरांकडून आणि स्थानिक नियमांतून लेखी स्पष्ट करून घ्या. ‘मला आधी कळतं, मी गाडी बाजूला घेईन’ या भरवशावर चालवू नका. कळण्यापासून भान जाईपर्यंत किती वेळ मिळेल हे कुणाच्या हातात नसतं. सायकल हेल्मेट घालून, रहदारीपासून दूर.

उंची, रस्ता, फलाट. शिडी, गच्चीचा कठडा, खुर्चीवर चढून वरच्या फळीवरचं काढणं, हे सगळं दुसऱ्याने करायचं. रेल्वेच्या फलाटावर भिंतीकडच्या बाजूला उभं राहायचं आणि गाडी थांबल्यावर पुढे जायचं. भान हरपणाऱ्या फोकल फिट्समध्ये माणूस चालत सुटतो, म्हणून गर्दीच्या रस्त्याकडे उघडणाऱ्या दाराला वरच्या बाजूला कडी असावी, घरच्यांच्या हाताशी पण फिटमध्ये नकळत उघडली जाणार नाही अशी.

लहान बाळ सांभाळणारी आई किंवा वडील. दुपटी जमिनीवर बदला, पलंगावर नाही. बाळाला पाजताना खाली बसा, पाठीला आधार, भोवती उशा. एकटे असताना बाळाला पाण्यात घालू नका. ओल्या कापडाने पुसून घ्या. जिन्यावरून कडेवर घेऊन जाणं टाळा.

कोसळवणाऱ्या ॲटॉनिक फिट्स असतील तर टोकदार कोपऱ्यांना पॅड, काचेचं फर्निचर बाहेर, आणि डॉक्टर म्हणतील तर डोक्याला संरक्षक टोपी. चमकत्या दिव्यांचा त्रास मात्र सगळ्यांना नसतो. अपस्मार असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांना तो असतो. ईईजीत तसं दिसलं असेल तरच पडद्यापासून अंतर आणि झगमगाटापासून दूर राहणं याची चिंता करा. अचानक लखलखाट समोर आला तर दोन्ही डोळे मिटण्यापेक्षा एक डोळा हाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा.

तपासा: आजच्या दिवसातला प्रत्येक तास आठवा आणि विचारा: या क्षणी वीस सेकंद भान गेलं असतं तर काय झालं असतं? ज्या उत्तराने पोटात गोळा येतो, ती जागा आज बदला.

## टप्पा ४: नोंद ठेवा, आणि जमलं तर व्हिडिओ

निदान मुख्यत्वे वर्णनावर होतं. डॉक्टरांसमोर फिट येईलच असं नाही, म्हणून तुमची वही हीच त्यांची नजर.

प्रत्येक प्रसंगाला इतकं लिहा: तारीख आणि वेळ, त्या वेळी काय चालू होतं, सर्वांत पहिली खूण कोणती, डोळे आणि मान कुठल्या बाजूला, हात-तोंडाच्या हालचाली, कोणत्या बाजूच्या, हाक मारल्यावर प्रतिसाद, घड्याळाने किती सेकंद, नंतर पूर्ववत व्हायला किती वेळ. खाली एका ओळीत आदल्या रात्रीची झोप, चुकलेली गोळी, ताप, दारू, मासिक पाळीचा दिवस. काही स्त्रियांत पाळीच्या आसपास फिट्स वाढतात आणि हे नोंदीशिवाय कधीच लक्षात येत नाही.

ज्याला फिट येते त्याने एकट्याने वही भरली तर ती अर्धवट राहते, कारण भान हरपलेल्या फिट्सचा मोठा हिस्सा त्याला माहीतच नसतो. घरातल्या, वर्गातल्या, कामावरच्या एकेका माणसाला सामील करा.

व्हिडिओ घेताना चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत हवेत. रात्र असेल तर दिवा लावा, पांघरूण बाजूला करा. मध्येच नाव घ्या, शब्द म्हणा, प्रतिसाद टिपला जाऊ द्या. फिट थांबल्यावर लगेच बंद करू नका. पुढची दोन मिनिटंही तितकीच बोलतात. सुरक्षिततेचं काम सोडून व्हिडिओ घ्यायचा नाही, आणि तो फक्त डॉक्टरांना दाखवायचा. त्या माणसाची तेवढी लाज राखणं आपल्या हातात आहे.

सावधान: ॲब्सेन्स फिट जोरजोरात श्वास घ्यायला लावून आणता येते असं कुठेतरी वाचून पालक घरी प्रयोग करतात. ती तपासणी दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायची गोष्ट आहे. घरी नको.

## टप्पा ५: डॉक्टरांकडे जाताना

मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मुलांचे मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. सोबत वही, व्हिडिओ, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी आणि ज्याने फिट प्रत्यक्ष पाहिली तो माणूस. हा शेवटचा बहुतेक वेळा घरीच राहतो आणि मग सगळं ऐकीव सांगितलं जातं.

ईईजीबद्दल एक गैरसमज पुष्कळ नुकसान करतो. पहिला साधा ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही असं नव्हे. तो साधारण अर्ध्या तासाचा असतो, आणि अपस्मार असलेल्या पुष्कळ लोकांत त्या अर्ध्या तासात काहीच सापडत नाही. मग रात्रीच्या जागरणानंतरचा, झोपेतला किंवा दीर्घ व्हिडिओ-ईईजी करतात. लहान मुलांची ॲब्सेन्स हा सुखद अपवाद. त्यात जोरात श्वास घ्यायला लावल्यावर सेकंदाला तीन या गतीचा ठरावीक आलेख बहुधा दिसतोच. फोकल फिट्स असतील तर एमआरआय लागतो, आणि तो अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने करायचा आहे हे चिठ्ठीवर लिहिलेलं हवं.

उलट चूकही होते: ईईजीत काहीतरी ‘किंचित’ दिसलं म्हणून फिट्स नसताना औषध सुरू. उपचार माणसाचा असतो, आलेखाचा नाही.

तपासा: बाहेर पडण्याआधी पाच उत्तरं हातात असावीत. फिटचा प्रकार कोणता? हेच औषध का? गोळी चुकली तर काय करायचं? तातडीचं औषध लागेल का? गाडी, पोहणं आणि उंचावरचं काम यांबद्दल काय?

## टप्पा ६: औषध

प्रकार आधी का, याचं उत्तर इथे आहे. कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनिटॉइन ही फोकल फिट्सची नेहमीची औषधं ॲब्सेन्स आणि मायोक्लोनिक फिट्स वाढवू शकतात. गोळी सुरू झाल्यावर मूल जास्त हरवलेलं दिसू लागलं तर ‘अंगवळणी पडेल’ म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. पण स्वतःहून बंदही करू नका.

अपस्माराचं कुठलंही औषध एकदम थांबवणं धोक्याचं, कारण छोट्या फिट्सच्या जागी न थांबणारी मोठी फिट येऊ शकते. प्रवास, उपवास, गोळ्या संपणं, ही नेहमीची कारणं. आठवड्याचे कप्पे असलेला डबा घ्या आणि निदान आठवडाभराचा साठा वेगळा ठेवा. एखादी मात्रा चुकली आणि लवकर आठवली तर बहुधा घेता येते. पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घ्यायची नाही. तुमच्या औषधाचा नेमका नियम डॉक्टरांकडून लिहून घ्या. ब्रँड परस्पर बदलू नका.

पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, विशेषतः तोंडात फोड किंवा ताप असेल, तर त्याच दिवशी दाखवा. लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनमध्ये हे गंभीर ठरू शकतं. लेव्हेटिरासिटॅमने काहींची चिडचिड किंवा उदासी वाढते. ती स्वभावाचा दोष समजून भांडणं होतात, म्हणून घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

व्हॅल्प्रोएट प्रभावी आहे, पण गरोदरपणात घेतल्यास साधारण १०० पैकी १० बाळांत जन्मजात दोष आणि ३० ते ४० बाळांत वाढीच्या व शिकण्याच्या अडचणी दिसतात. मुलगी वयात येण्याआधीच हा विषय डॉक्टरांशी काढा. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच: काही फिटची औषधं त्यांचा परिणाम कमी करतात, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या रक्तातलं लॅमोट्रिजिन कमी करतात. दिवस गेल्याचं कळल्यावर मात्र घाबरून गोळी सोडू नका, आधी फोन करा.

इतर दुखण्यासाठी कुणाकडेही गेलात तरी ‘मला अपस्मार आहे, हे औषध चालू आहे’ हे पहिलं वाक्य. ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक, काही प्रतिजैविकं आणि झोप आणणारी सर्दीची औषधं फिट ओढवू शकतात.

मोठ्या, अंगभर झटक्यांच्या फिट्स अनियंत्रित राहिल्या, विशेषतः झोपेत, तर अचानक मृत्यूचा धोका असतो. अपस्मार असलेल्या प्रौढांत वर्षाला हजारात साधारण एक. निव्वळ छोट्या फिट्स असणाऱ्यांत तो बराच कमी, पण छोटी फिट मोठी होऊ शकते, म्हणून ‘छोट्याच तर आहेत’ म्हणत गोळ्यांत ढिलाई नको.

## टप्पा ७: कुणाला काय सांगायचं

शाळेत वर्गशिक्षकांना एका पानावर द्या: फिट कशी दिसते, किती वेळ टिकते, काय करायचं, कधी फोन करायचा. ॲब्सेन्सनंतर मुलाला घरी पाठवायची गरज नसते. सुटलेली सूचना पुन्हा सांगितली की पुरतं. ‘लक्ष नाही’ म्हणून उभं करणं, फळ्यासमोर हसं करणं थांबलं पाहिजे, आणि ते थांबवण्यासाठी पालकांनी दोनदा-तीनदा जावं लागलं तरी जावं. पोहण्याचा तास आणि दोरावर चढणं एवढंच वेगळं. बाकी खेळ चालू राहू द्या.

कामाच्या जागी शेजारी बसणाऱ्या दोघांना माहीत असणं पुरेसं असतं. यंत्र, उंची किंवा वाहन यांचा संबंध असेल तर मात्र वरिष्ठांना सांगणं टाळू नका. खिशात किंवा मनगटावर नाव, फिटचा प्रकार, औषध आणि फोन नंबर असलेलं कार्ड ठेवा. भान हरपून फिरणाऱ्या माणसाला लोक दारू प्यायलेला समजतात.

## टप्पा ८: दर तीन महिन्यांनी पुन्हा बघा

‘बरं वाटतंय’ हे माप नाही. वही हे माप आहे. मागच्या तिमाहीपेक्षा संख्या कमी झाली का, नवा प्रकार दिसला का, सकाळचे झटके गेले का. योग्य मात्रेतली दोन औषधं देऊनही फिट्स थांबल्या नसतील तर अपस्माराच्या खास केंद्रात पाठवण्याची विनंती स्वतःहून करा. काही फोकल फिट्सवर शस्त्रक्रिया होऊ शकते आणि ती लांबवत वर्षं घालवण्यात तोटाच आहे. झोप, मन आणि स्मरणशक्तीबद्दलही याच भेटीत बोला. उदासी या आजाराबरोबर अनेकदा येते आणि तिच्यावर उपचार होतात.

फिट्स पूर्ण थांबल्या तरी गोळी कमी करण्याचा विचार साधारण दोन वर्षांनंतर, आणि तोही काही महिन्यांत हळूहळू, डॉक्टरांनी ठरवलेल्या पायऱ्यांनी. लहान वयातली ॲब्सेन्स बऱ्याच मुलांत पौगंडावस्थेपर्यंत थांबते. सकाळच्या मायोक्लोनिक झटक्यांच्या प्रकारात मात्र गोळी सोडल्यावर फिट्स परतण्याचं प्रमाण मोठं आहे. मात्रा कमी होत असलेल्या त्या सगळ्या महिन्यांत गाडी नाही, टब नाही, आणि स्नानगृहाची कडी पुन्हा उघडी.